कामोसमधला अप्पर-डिप्पर : रोव्हानिएमी ते उत्सयोकी

उजेडात गाडी चालवायची आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, हा नियम फिनलंडच्या उत्तरेला, डिसेंबरातल्या लॅपलंडमध्ये पाळायचा म्हटलं तर गाडी भाड्याने घेण्यात अर्थच नाही. रोव्हानिएमीला त्या दिवसांत सूर्य अकराच्या सुमारास उगवतो आणि दीडच्या आत मावळतो. तिथून साडेचारशे किलोमीटर उत्तरेला, उत्सयोकीला, तो नोव्हेंबरअखेर जो गडप होतो तो थेट जानेवारीच्या मध्यावर उगवतो. या काळाला तिथले लोक ‘कामोस’ म्हणतात. न्याहारी करून निघा की जेवून निघा, गाडी रात्रीचीच चालवायची.

दादा, वहिनी आणि मी असे तिघं गेलो होतो. चालवणार दादा आणि मी. वहिनीकडे नकाशा, थर्मास आणि निवाड्याचं काम. निवाड्याची गरज पडली, कारण गाडीत ऑटोमॅटिक हाय बीम होता, म्हणजे रस्ता मोकळा असला की दिव्यांचा लांबचा झोत (अप्पर) आणि समोर गाडी आली की जवळचा झोत (डिप्पर) आपोआप लावणारी सोय, आणि तो चालू ठेवायचा की नाही यावरून आमचं पहिल्या संध्याकाळीच वाजलं.

दिवस पहिला : रोव्हानिएमी ते सोदान्क्युला (१३० किमी)

गाडी ताब्यात घेण्याचे सोपस्कार चटकन उरकले. टायर खिळ्यांचे, डिकीत काच खरवडायची पट्टी आणि लांब दांड्याचा ब्रश, आणि पुढच्या बाजूला विजेचा प्लग जोडायची जागा. मुक्कामाच्या पार्किंगमध्ये खांबावर सॉकेट असतं, रात्री वायर जोडून ठेवली की सकाळी इंजिन कुरकुरत नाही. काउंटरवरच्या मुलाने हे सगळं दोन मिनिटांत समजावलं. दिव्यांबद्दल मात्र अवाक्षर नाही.

दिव्यांचं बटण ऑटोवर होतं. दांडी पुढे ढकलली की डॅशबोर्डवर ‘ए’ अक्षरवाली हिरवी खूण यायची, आणि अप्पर प्रत्यक्ष लागला की शेजारी निळी. दादा खूश. “अगं, आरशामागे कॅमेरा आहे. समोर गाडी आली की तोच डिप्पर देतो. आपण कशाला हात झिजवायचा?” माझं म्हणणं, की डिप्पर देणं हे माझ्या हाताला इतकं सवयीचं आहे की दुसऱ्या कुणाला ते करू द्यायचं म्हणजे उलट जास्त लक्ष ठेवावं लागेल. पहिली पाळी दादाची होती, त्यामुळे ऑटो चालू राहिला.

आणि पहिल्या दिवशी दादाच जिंकला, हे सांगायला हवं. शहराचे दिवे संपेपर्यंत यंत्राने अप्परला हात लावला नाही. मग चार नंबरचा महामार्ग पाइनच्या जंगलात शिरला, खांब संपले आणि निळी खूण उगवली. डिप्परमध्ये दिसत होता पन्नास-साठ मीटरचा पांढरा तुकडा. अप्परमध्ये पुढच्या वळणापर्यंतचा रस्ता, दोन्हीकडचे रिफ्लेक्टर लावलेले बर्फखांब (बर्फात रस्त्याची कड दाखवणाऱ्या काठ्या) आणि झाडांचे बुंधेसुद्धा दिसायला लागले. हिवाळ्यात तिकडच्या बहुतेक मोठ्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी १०० वरून ८० वर आणतात. ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. डिप्परच्या उजेडात काही आडवं आलं तर हातात तीन सेकंदही नाहीत, आणि खाली दाबून घट्ट झालेला बर्फ. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ त्या थंडीत फारसं उपयोगी पडत नाही, म्हणून रस्ता पांढराच असतो.

दादा एरवी रात्रभर डिप्परवर चालवणाऱ्यांतला. समोरच्याला त्रास नको म्हणून अप्पर लावतच नाही. अशा माणसाला ऑटोचा खरा फायदा डिप्पर मिळण्यात नाही, अप्पर मिळण्यात आहे. समोरचा गेल्यावर दुसऱ्या सेकंदाला तो परत लागतो, तेही दर वेळी, न कंटाळता. हाताने चालवणारा दहाव्या गाडीनंतर आळस करतो.

सोदान्क्युलाला जेवायला लोहिकेइत्तो, म्हणजे सामन माशाचं दुधाळ सूप. त्यात बटाटा आणि वरून भरपूर शेपू. वहिनीला शेपूची भाजी डोळ्यांसमोर नको असते, इथे तिने दोन वाडगे संपवले. जेवण झाल्यावर १६८९ सालचं लाकडी चर्च बघायला गेलो. उणे अठरात कुणी नव्हतंच तिथे. करकरणारा बर्फ, काळपट लाकूड, आणि पाच मिनिटांत बधिर झालेली बोटं.

*लक्षात ठेवा :* दुपारच्या निळसर संधिप्रकाशात ऑटो बटण कधी कधी ‘दिवस आहे’ असं समजतं. मग पुढे फक्त दिवसाचे दिवे लागतात आणि बऱ्याच गाड्यांत मागचे लाल दिवे बंदच राहतात. हिमवर्षाव चालू असताना हे फार वाईट. अशा वेळी बटण हाताने डिप्परवर फिरवा. पण काही गाड्यांत बटण ऑटोवर नसेल तर ऑटोमॅटिक हाय बीमही चालत नाही, त्यामुळे अंधार झाला की ते परत फिरवायचं लक्षात ठेवा.

दिवस दुसरा : सोदान्क्युला ते इनारी (सुमारे २०० किमी)

सकाळी काचेवर बर्फाचा पापुद्रा, तोही घट्ट. खरवडताना दादाने फक्त पुढची काच केली. पेट्रोल पंपावरच्या कॅफेत शेजारच्या टेबलावरचे आजोबा आमच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, “दिवे.” बाहेर जाऊन बघतो तर हेडलाइटवर बोटभर बर्फ जमलेला. एलईडी दिव्यांची ही गंमत आहे. जुन्या हॅलोजनच्या काचेला आतून ऊब मिळायची आणि बर्फ वितळायचा. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने निघून जाते, समोरची काच थंडच राहते. आजोबांनी खिशातून मऊ हातमोजा काढून दोन्ही दिवे स्वतःच पुसले आणि काही न बोलता कॉफीकडे परत गेले.

वुओत्सोच्या पुढे रस्ता चढ-उतारांचा होतो, सारिसेल्कापाशी तर बोडके डोंगरच. आज मी चालवत होते, पण वहिनीचा निवाडा असा की ऑटो चालूच ठेवायचा आणि मी फक्त ‘बघायचं’. बघितलं ते असं : चढाच्या पलीकडून गाडी येत असली की आधी माथ्यावरची हवा उजळते. झाडांच्या शेंड्यांवरचा बर्फ पिवळट होतो, मग माथ्याची कड चमकते आणि मग दिवे दिसतात. या सगळ्याला चार-पाच सेकंद लागतात. माझा हात पहिल्या उजेडालाच दांडीवर जायचा. यंत्र मात्र प्रत्यक्ष दिवे दिसेपर्यंत अप्पर सोडायचं नाही. दिसल्यावर अर्धा-एक सेकंदात सोडायचं, पण तोवर समोरच्याच्या डोळ्यांत सगळा झोत गेलेला.

लहान गाड्यांनी सहन केलं. ट्रकने नाही केलं. माथ्यावर त्याची केबिन आधी वर येते आणि हेडलाइट नंतर. म्हणजे चालकाचे डोळे आमच्या अप्परमध्ये, आणि त्याचे दिवे अजून आमच्या कॅमेऱ्याला दिसायचे आहेत. त्याने एकदाच अप्पर मारला. तिकडच्या ट्रकना नेहमीच्या दिव्यांखेरीज छपरावर आणि जाळीपुढे जादा दिव्यांची रांग असते आणि ती अप्परबरोबरच पेटते. नंतर काही क्षण मला बर्फखांबांशिवाय काही दिसलं नाही. मी वेग कमी केला, उजवी कड धरली. वहिनी मागून म्हणाली, “हे आपल्याला होतं, की त्याला?” दोघांनाही.

इव्हालोला तशाच एका ट्रकचा चालक कॉफी घेताना भेटला. पन्नाशीचा, इंग्रजी तुटक पण नेमकं. मी विचारलं, तुमच्या ट्रकला ऑटो नाही का? म्हणाला, “आहे. गावाबाहेर सरळ रस्त्याला लावतो. डोंगरात बंद. कॅमेऱ्याला दिवा दिसावा लागतो. मला उजेड दिसला तरी पुरतो.” मग दादाकडे बघून, “आणि दिवा नसलेलं रेनडिअर त्याला दिसतच नाही.” दादाने तरी बाजू सोडली नाही : “पण रेनडिअरसाठी अप्परच हवा ना, डिप्पर नको!” चालकाने मान डोलावली. इथे दोघंही बरोबर होते.

रेनडिअर अर्ध्या तासात भेटलेच. रस्त्यावरच, कारण बाजूच्या खोल बर्फापेक्षा बर्फ सारून मोकळा केलेला रस्ता त्यांना सोयीचा. अप्परमध्ये दूरवर हिरवट-निळे ठिपके चमकले, मग राखाडी पाठी. त्यांच्या डोळ्यांतला चमकणारा पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्यात निळा होतो, काळोखात जास्त दिसावं म्हणून. मी थांबले. एक ओलांडून गेलं, दुसरं आमच्याच पुढे रस्त्याने दुडकत निघालं. अप्परचा झोत पाठीवर असेपर्यंत ते बाजूला व्हायचं नावच घेईना. डिप्पर केल्यावर कधीतरी उजवीकडे उतरलं. रेनडिअर पाळणाऱ्यांच्या संघाने २०१४ मध्ये त्यांच्या शिंगांना चमकणारा रंग लावून बघितला होता, अशी माहिती वहिनीने फोनवर वाचून दाखवली. आम्हाला भेटलेल्या एकाच्याही शिंगांना तो नव्हता.

*लक्षात ठेवा :* एक ओलांडलं की मागे दुसरं असतंच, लगेच वेग घेऊ नका. धडक झालीच तर ११२ ला कळवणं बंधनकारक आहे, जनावर पळून गेलं तरी. प्रत्येक रेनडिअर कुणाच्या तरी मालकीचं असतं.

इनारीला रात्री दादाने फोनवर नियम शोधून काढला. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ४८ प्रमाणे अशा यंत्रणेने सरळ सपाट रस्त्यावर समोरून येणारं वाहन ४०० मीटरवरून ओळखलं पाहिजे, पुढे जाणारं १०० मीटरवरून आणि समोरची दिवा लावलेली सायकल ७५ मीटरवरून. “बघ, चारशे!” मी म्हटलं, “सरळ, सपाट.” वहिनीने दिवा मालवला.

दिवस तिसरा : इनारी ते उत्सयोकी (सुमारे १२५ किमी)

सकाळ सीदा संग्रहालयात गेली. सामी लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, हे संग्रहालय घाईने बघू नका, निदान तीन तास ठेवा. आम्हाला निघायला उशीर झाला तो त्यामुळेच, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. बाहेर पडलो तर दुपारी दोनलाच आकाशाच्या कडेला गुलाबी रेघ, वर गडद निळं, आणि उणे सत्तावीस.

कामानेनच्या पुढे वाहतूक अगदी विरळ झाली. वाटलं, आता ऑटोचं राज्य. पण थोड्याच वेळात एका लाकूडवाहू ट्रकच्या मागे आलो. कोरडा, पिठासारखा बर्फ रस्त्यावर पडलेला, आणि ट्रक त्याचे लोट उडवत चाललेला. तीस मीटरवर ट्रक आहे हे आम्हा तिघांना माहीत होतं, कॅमेऱ्याला नव्हतं. लोटात मागचे लाल दिवे गडप झाले की तो अप्पर लावायचा, आणि समोर पांढरी भिंत उभी राहायची. दिवे दिसले की डिप्पर. लोट आला की पुन्हा भिंत. दादा चालवत होता. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो स्वतःहूनच म्हणाला, “छे, बंद करतो.” त्याने ऑटो काढला, डिप्परवर राहिला आणि ट्रकपासून चांगलंच मागे पडला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. काही बोलले असते तर त्याने तो परत लावला असता.

पुढे तर ऑटो आपणहून बंद पडला. डॅशबोर्डवर संदेश आला की कॅमेरा उपलब्ध नाही. आरशामागच्या काचेला आतून दव धरलं होतं, तिघांच्या श्वासाचं. काचेवर गरम हवा सोडल्यावर दहा मिनिटांनी परत आला. हा संदेश दिसतो तरी. गोठलेल्या काचेतून अर्धवट बघणारा कॅमेरा त्याहून वाईट, कारण तो काही सांगत नाही, फक्त उशीर करतो.

उत्सयोकीला आमच्या मुक्कामाच्या बाईंनी दारात उभं राहूनच विचारलं, “रस्त्यात कोण भेटलं?” गाड्या किती असं नाही, कोण! आम्ही ट्रक सांगितला तर तो कुणाचा हे त्यांना ठाऊक होतं. स्वयंपाकघरात वेलदोडा घातलेला गोड पाव आणि कॉफी. रात्री ध्रुवीय प्रकाश बघायला त्यांनी स्वतःच्या गाडीतून नेलं, आणि माझ्यासाठी त्या रात्रीचं आकर्षण आकाशात नव्हतं, हे लिहायला थोडा संकोच वाटतो.

त्यांच्या गाडीला मॅट्रिक्स दिवे होते. यात अप्पर एक झोत नसून अनेक लहान एलईडींचा मिळून बनतो, आणि समोर गाडी आली की तेवढ्याच जागेचे एलईडी मालवतात. २०१३ मध्ये ऑडीच्या ए८ मध्ये हे आलं. वाचलं होतं, पण शेजारच्या सीटवरून पहिल्यांदाच पाहिलं. समोरून गाडी आली तसा बर्फावर काळोखाचा एक उभा पट्टा उमटला, त्या गाडीला बरोबर मधोमध धरून. गाडी जवळ आली तसा तो रुंद होत डावीकडे सरकला आणि ती मागे गेल्यावर मिटला. उजवी कड सगळा वेळ लख्ख उजेडात. दादा तर अवाक.

आणि गावाजवळ आल्यावर बाईंनी दांडी ओढून सगळंच डिप्परवर आणलं. कडेने एक माणूस कुत्र्याला घेऊन चालला होता, कोटाला लटकणारा रिफ्लेक्टर लुकलुकत होता. फिनलंडमध्ये अंधारात चालणाऱ्याने रिफ्लेक्टर लावावा असं कायद्यातच आहे. पण रिफ्लेक्टर म्हणजे दिवा नव्हे, यंत्र त्याला वाहन मानत नाही आणि त्याच्यासाठी डिप्पर देत नाही. “त्याला पण डोळे आहेत,” एवढंच बाई म्हणाल्या.

*लक्षात ठेवा :* आकाश बघायला थांबाल तर रस्त्याच्या कडेला नको, पार्किंगमध्येच थांबा, आणि दिवे खरोखर विझलेत का बघा. अनेक गाड्यांचे दिवे कुलूप लावल्यावरही अर्धा-एक मिनिट चालू राहतात. तिथे ट्रायपॉड लावून बसलेल्या मंडळींनी एका नवागताला या कारणावरून चांगलंच सुनावलेलं ऐकलं. फिनिशमध्ये होतं, पण समजलं.

दिवस चौथा : तेनोकाठाने कारिगासनिएमी, तिथून इनारी

सगळ्यांत सुंदर रस्ता हा. उत्सयोकीहून तेनो नदीच्या काठाने सुमारे शंभर किलोमीटर कारिगासनिएमीपर्यंत, मग डोंगरावरून कामानेन. नदी म्हणजे सरहद्द : अलीकडे फिनलंड, पलीकडे नॉर्वे. नदी गोठलेली, वर बर्फ, मधूनच स्नोमोबाइलची रेघ.

आता गंमत अशी, की पलीकडच्या काठानेही रस्ता जातो, नॉर्वेचा ई६. आमच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आमचा ऑटो सारखा डिप्परवर! आधी वाटलं कॅमेऱ्याला पुन्हा दव धरलं. मग वहिनीने नदीपलीकडे बोट दाखवलं. तिकडे एक गाडी आमच्या दिशेने येत होती, दुसऱ्या देशात, आणि आमचं यंत्र तिला इमानेइतबारे डिप्पर देत होतं. वळणागणिक हेच. नदी जवळ आली की डिप्पर, लांब गेली की अप्पर. कधी कधी पलीकडच्या घराच्या अंगणातल्या दिव्यालाही सलाम. दादा हसून हसून थकला, मग त्याने दांडी मला दिली, म्हणजे पाळीच बदलली.

हाताने चालवायला हा रस्ता फार मजेचा. एका बाजूला डोंगर, नांगराने सारलेल्या बर्फाचे उंच बांध, आणि वळणं. बांधाआडून येणाऱ्या गाडीचे दिवे दिसत नाहीत, पण समोरच्या कड्यावर तिचा उजेड फिरताना दिसतो. तो कुठल्या दिशेने सरकतोय त्यावरून गाडी आपल्याकडे येतेय की पलीकडच्या वळणावर आहे हे कळतं. मी लवकर डिप्पर द्यायचे, समोरचाही द्यायचा, बहुतेक वेळा एकाच क्षणी. मग माझा हात मात्र खरंच दुखला. संध्याकाळपर्यंत दोनदा असं झालं की गाडी गेली आणि अप्पर परत लावायचं राहिलं. वहिनीने मागून आठवण केली : “यंत्र असतं तर लागला असता.” निवाडा करणाऱ्याने असं टोमण्यात बोलू नये.

कामानेनला रस्त्यालगतच्या उपाहारगृहात दादाने रेनडिअरचं मांस, कुस्करलेला बटाटा आणि लिंगनबेरी घेतली. परवा रस्त्यात दुडकणारं ते आठवून मी सूपवर भागवलं.

दिवस पाचवा : इनारी ते रोव्हानिएमी

हवा पालटली. तापमान शून्याजवळ, रस्त्यावर राड. लांबचा पल्ला, सव्वातीनशे किलोमीटर, आणि दर तासाला थांबून दिवे आणि कॅमेऱ्यासमोरची काच पुसावी लागली. तपकिरी राड चढली की अप्परही डिप्परसारखा वाटतो. सारिसेल्काचे चढ उतरेपर्यंत ऑटो बंद, सोदान्क्युलाच्या पुढच्या सरळ पट्ट्यात चालू, असं आता न बोलता ठरल्यासारखं झालं होतं. वाद व्हायचे ते संगीतावरून.

रोव्हानिएमीच्या अलीकडे आर्क्टिक वृत्तावर सांताचं गाव लागतं. तिथे बसगाड्यांची रांग आणि रस्त्यावर खांबांचे दिवे. निळी खूण गेली ती गेलीच. पेट्रोल भरलं, किल्ली दिली.

कुणी जाणार असेल तर बुकिंग करताना दोन गोष्टी विचारा : हेडलाइटला पाण्याचा फवारा आहे का, आणि मॅट्रिक्स दिवे आहेत का. गाडी मिळाल्यावर पार्किंगमध्येच ऑटो हाय बीम एकदा लावून आणि बंद करून बघा. काही गाड्यांत दांडी ओढली की तो तेवढ्यापुरता बाजूला होतो, काहींत पूर्ण बंद होतो आणि पुन्हा लावावा लागतो. आमची दुसऱ्या प्रकारची होती. आणि एक मऊ फडकं हाताशी ठेवा, डिकीत नको. डिकीचं झाकण गोठतं.